शरीरातील निरोपे आणि वावरची बालके



जव्हार तालुक्यातील वावरचे नाव महाराष्ट्राला 1992 साली ठाऊक झाले. वावर-वांगणी परिसरात कुपोषणाने शंभराहून अधिक बालके दगावली. कुपोषित बालकाचा घास घेतात ते अतिसार, गोवर, न्यूमोनिया असे नेहमीचेच आजार. मग ते इतके घातक का ठरतात?

आपल्या रक्तातील पांढऱ्या पेशी ‘सायटोकाइन’ नामक सूक्ष्म प्रथिनांच्या द्वारे परस्परांशी बोलतात. आपण त्यांना निरोपे म्हणू. इंटरफेरॉन-गॅमा हा निरोप्या पोहोचला की भक्षक पेशी क्षयाच्या जंतूंवर तुटून पडतात. इंटरल्यूकिन-7 टी-पेशींना जगवतो. या टी-पेशी छातीतील थायमस ग्रंथीत घडतात, आणि उपासमारीत बालकाची हीच ग्रंथी आक्रसते. निरोप धाडणारेच उरत नाहीत.

एचआयव्ही-बाधित बालकात घात निराळ्या वाटेने होतो. विषाणू सीडी-4 पेशी नष्ट करतो, आतड्याचा बांध ढिला पडतो, जंतूंचे अंश रक्तात झिरपतात. परिणामी इंटरल्यूकिन-6 आणि टीएनएफ हे धोक्याचे निरोपे थांबतच नाहीत. टीएनएफला पूर्वी ‘कॅकेक्टिन’, म्हणजे शरीर झिजविणारा, असेही म्हणत. नाव समर्पकच होते. भूक मरते, स्नायू झिजतात. म्हणूनच केवळ शिधा देऊन अशा बालकाचे वजन पुरेसे वाढत नाही. विषाणू आधी आवरावा लागतो.

सुदैवाने बालकाची थायमस मोठ्यांपेक्षा कार्यक्षम असते. औषध सुरू होताच नव्या पेशी जोमाने निर्माण होतात. दक्षिण आफ्रिकेतील 2008 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, तान्ह्या बालकांना लक्षणांची वाट न पाहता औषध दिल्याने मृत्यू 76 टक्क्यांनी घटले. आपल्या देशात मोफत औषधे 2004 साली आली आणि बालकांसाठी स्वतंत्र कार्यक्रम 2006 साली. पंढरपूरच्या मंगलताई शहा यांनी ‘पालवी’ 2001 साली सुरू केली, तेव्हा यातले काहीच नव्हते!

औषध आज मोफत आहे, पण ते रोज, न चुकता घ्यावे लागते. खंड पडला की विषाणू त्याला दाद देईनासा होतो. पाड्यावरच्या मातेची मात्र औषध आणायला जाण्याच्या दिवशी मजुरी बुडते. सुवर्णमहोत्सवी निधीतून प्रवासभाडे, ती मजुरी आणि डाळ-शेंगदाण्यांचा पूरक आहार यांची तरतूद व्हावी, अशी माझी विनंती आहे. आणखी एक. 2017 च्या कायद्यानुसार संमतीवाचून कोणाचीही बाधा उघड करता येत नाही; तेव्हा या लाभार्थींची छायाचित्रे, कृपया, पुढील स्मरणिकेत छापू नयेत.