माळावरचे झाड आणि बोन्साय



बोन्साय हा विषय घेऊन शिरूर-दौंडच्या श्रोत्यांपुढे यावे, हे काहींना विसंगत वाटेल. एकीकडे भीमा आणि घोडच्या पाण्यावर वाढलेला ऊस, दुसरीकडे कालवा न पोचलेला मुरमाड माळ, आणि पाऊस वर्षाला जेमतेम ५०० मिलिमीटरच्या आसपास. इथे जपानी कुंडीतल्या झाडांचे काय कौतुक करायचे? माझे म्हणणे मात्र या माळावरच उभे आहे. बोन्सायचे सौंदर्य त्याच्या बांध्यात असते. ऊन, वारा, पाण्याची ओढ आणि गुरांची तोंडे यांना झाडाने वर्षानुवर्षे जी उत्तरे दिली, त्यांतून त्याचा बांधा घडतो. ही उत्तरे वाचण्याची सवय ज्याच्या डोळ्यांना आहे, त्याला बोन्साय समजायला जपान गाठावा लागत नाही. ज्याला ती वाचता येत नाहीत, त्याला लाखमोलाच्या झाडातही बुटकेपणाच दिसणार.

म्हणून आधी पाहायचे कसे ते सांगतो. बोन्सायसमोर उभे राहू नका, बसा. नजर खोडाच्या साधारण मध्यावर येऊ द्या. वरून पाहिले तर झाड कुंडीतले रोप वाटते. समोरून पाहिले की ते रानातले झाड होते. मग नजर शेंड्याकडे न नेता मातीशी न्या. खोड जिथे जमिनीत शिरते तिथे मुळे चहूबाजूंनी पसरलेली आणि माती धरून बसलेली दिसली पाहिजेत. जपानी लोक या पसाऱ्याला नेबारी म्हणतात आणि झाडाची पारख इथूनच सुरू करतात. मुळांवरून खोडाकडे यावे. खोड खाली जाड आणि वर निमुळते होत गेलेले असावे. उंची बुडाच्या जाडीच्या सहापट असा एक ढोबळ नियम सांगतात. तो मोडणारी थोर झाडे आहेत, पण नवख्या डोळ्याला तो उपयोगी पडतो. पहिली फांदी सर्वांत जाड, वरच्या क्रमाने बारीक, आणि फांद्यांच्या मधे मोकळी जागा. ही मोकळी जागा फार महत्त्वाची आहे. पाने दाट असली की झाड निरोगी वाटते, पण त्याचे वय कळत नाही. फांदीखालची पोकळी दिसली, त्यातून खोडाचे वळण दिसले, की हे झाड वादळात वाकून पुन्हा उभे राहिले असावे, असे मन आपोआप म्हणते. काही झाडांवर साल गेलेला पांढरा, वाळलेला भाग मुद्दाम राखलेला असतो. वाळक्या फांदीला जिन आणि खोडावरच्या वाळक्या पट्ट्याला शारी म्हणतात. वीज पडलेले झाड ज्याने पाहिले आहे, त्याला याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

आता पुरावा. जपानी बोन्सायच्या ठरलेल्या शैली पाहा. कड्यावरून खाली लोंबणारे झाड म्हणजे केंगाई. डोंगराळ मुलखात बर्फाच्या भाराने आणि दरडींनी झाडे अशीच खाली झुकतात. एकाच दिशेला सगळ्या फांद्या वाहून गेलेल्या, ती फुकिनागाशी. समुद्रकाठच्या पाइनला वारा असाच घडवतो. उभ्या खोडावर फांद्यांचा उलट्या केरसुणीसारखा पसारा, ती होकिदाची. केयाकी नावाचा त्यांचा वृक्ष निसर्गतःच तसा वाढतो. म्हणजे शैली आधी ठरल्या आणि झाडे त्यांत कोंबली, असे घडलेले नाही. जपानी माणसाने आपल्या भोवतालची झाडे पाहिली, त्यांच्या बांध्याला नाव दिले आणि तो बांधा कुंडीत उतरवला. ही दृष्टीही त्यांनी चीनकडून घेतलेली. सन ७०६ मधल्या तांग राजपुत्राच्या थडग्यातल्या भिंतीवर तबकात छोटा देखावा घेऊन चाललेला सेवक रंगवलेला आहे, आणि जपानात १३०९ च्या एका गुंडाळी-चित्रात कुंडीतली झाडे दिसतात. घेतलेली कला त्यांनी आपल्या डोंगर-समुद्राच्या मातीत रुजवली, म्हणून ती त्यांची झाली. वामनवृक्ष भारतातूनच तिकडे गेले असे आपल्याकडे अधूनमधून अभिमानाने सांगतात. त्याला या भित्तिचित्राच्या तोलाचा आधार कुणी दिलेला आढळत नाही, आणि तसल्या अभिमानावाचून आपले काही अडतही नाही.

अडते ते इथे, की आपण आपली झाडे त्या नजरेने पाहिली नाहीत. चारणीच्या माळावरची बोर घ्या. शेळीच्या तोंडाला येतील तेवढे कोवळे शेंडे वर्षानुवर्षे खुडले जातात. दर खुडणीनंतर मागच्या डोळ्यांतून दोन-तीन फुटवे निघतात, तेही खुडले जातात, आणि गुडघाभर उंचीची दाट, काटेरी गादी तयार होते. तिचे बुड मात्र जाड होत राहते. मग एखाद्या वर्षी गादी इतकी रुंद होते की मधला शेंडा शेळीच्या तोंडातून सुटतो आणि सरळ वर जातो. खाली घोंगडीएवढा घेर आणि त्यातून निघालेले एकटे खोड, असा हा बांधा आहे. चीनच्या दक्षिणेकडच्या लिंगनान परंपरेत तारेचा आधार कमी घेऊन वाढू द्यायचे, छाटायचे, पुन्हा वाढू द्यायचे अशी पद्धत आहे. प्रत्येक काप खोडाला वळण देतो आणि निमुळते करतो. शेळी माळावर हेच काम करते आहे. तसाच हिवर. फिकट सालीचे खोड आणि वर आडवी पसरलेली सपाट छत्री. उन्हाळ्यात मेंढरे तिच्याच सावलीला बसतात. बांधावरची बाभूळ पाल्यासाठी पुन्हापुन्हा खांडलेली, काळ्या भेगाळ सालीची, गाठीगाठींची. मोराच्या चिंचोलीच्या चिंचा पाहा: अवजड खोड, त्यावर गोल घुमट, आणि पानोळा इतका बारीक की लहान केलेल्या झाडातही प्रमाण बिघडत नाही. वडाचे पान त्या मानाने मोठे, म्हणून लहान कुंडीत वड सहसा फसतो. त्याला मोठी, पसरट कुंडी द्यावी किंवा त्याच्याऐवजी लहान पानाचा नांदरूक निवडावा, असे माझे मत आहे. जुन्या देवळांच्या आणि घाटांच्या दगडांवर पिंपळ-उंबरांची मुळे चढतात. बांधकामाला ती घातक आहेत आणि वेळीच काढावीत, पण काढण्याआधी ती दगडाला कशी बिलगली आहेत हे पाहून घ्यावे. दगडावर मुळे ही बोन्सायची एक स्वतंत्र शैलीच आहे. आणि निव्वळ दगडाचे म्हणाल, तर टाकळी हाजी आणि निघोजच्या मधे कुकडीने बेसाल्टमध्ये कोरलेले रांजणखळगे आपल्या उंबऱ्यावर आहेत. भोवऱ्यात फिरणाऱ्या गोट्यांनी युगानुयुगे केलेले हे काम आहे. जपानात पाण्याने घडवलेला दगड तबकात ठेवून पाहण्याची कला बोन्सायच्या शेजारीच नांदते, यात मला नवल वाटत नाही.

आता आक्षेप. सर्वांत मोठा आणि सर्वांत प्रामाणिक आक्षेप असा की हा झाडाचा छळ आहे: मुळे कापायची, तारेने बांधायचे, उपाशी ठेवायचे. या आक्षेपामागची कणव मला मोलाची वाटते, म्हणून त्याला नीट उत्तर दिले पाहिजे. उपाशी झाड बोन्साय होत नाही, ते मरते. मुळे छाटतात ती जाड मुळे कमी होऊन बारीक तंतुमुळे वाढावीत म्हणून. पाणी आणि अन्न हीच मुळे शोषतात. दर दोन-चार वर्षांनी माती बदलतात, खत देतात, ऊन देतात. झाडाचे बीही बदलत नाही. तेच झाड जमिनीत लावा, ते पुन्हा मोठे होऊ लागेल. मग आपल्या शेतीकडे या. द्राक्षाची एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरमध्ये फळछाटणी होते, वेल तारांवर बांधला जातो. डाळिंबाचा बहार धरायचा तर पाणी तोडून बागेला ताण देतात, पानगळ करतात, मग पाणी सोडतात. द्राक्ष-डाळिंबाच्या बागायतदाराला आपण क्रूर म्हणत नाही, कारण कापणे आणि जोपासणे हे एकाच हाताचे काम आहे हे आपल्याला ठाऊक आहे. कुणी म्हणेल, तिथे फळ मिळते, इथे नुसती शोभा. झाडाच्या बाजूने पाहिले तर हा भेद टिकत नाही. झाडाला आयुष्य किती मिळाले, हा खरा निकष. हिरोशिमाच्या यामाकी घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलेला पांढरा पाइन १६२५ पासून कुंडीत आहे. १९४५ मध्ये अणुबॉम्ब पडला तेव्हा तो शहरातच, स्फोटापासून सुमारे तीन किलोमीटरवर, भिंतीच्या आडोशाला होता. १९७६ मध्ये अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या द्विशताब्दीनिमित्त जपानने ५३ बोन्साय भेट दिले, त्यांत तो वॉशिंग्टनला गेला. त्याने काय पाहिले होते हे तिथल्या लोकांना २००१ मध्ये कळले, जेव्हा यामाकींचे नातू तो पाहायला आले. छळलेले झाड इतकी वर्षे काढत नाही. तरी आक्षेपाचा एक भाग मी मान्य करतो. सालीत रुतेपर्यंत तार तशीच ठेवणे, मातीवर खडे डिंकाने चिकटवून विकणे, उन्हाचे झाड दिवाणखान्यात टीव्हीशेजारी कोंडणे, हे प्रकार होतात आणि ते वाईटच आहेत. त्यांना निष्काळजी हाताचे काम म्हणावे. कलेचा नियम म्हणू नये.

दुसरा आक्षेप श्रद्धेचा: वड-पिंपळासारखी पूज्य झाडे खुजी ठेवणे अशुभ, घराची वाढ खुंटते. श्रद्धेशी वाद घालण्याची माझी इच्छा नाही. फक्त आपल्याच आचाराकडे लक्ष वेधतो. ज्येष्ठ पौर्णिमेला बाजारात वडाच्या फांद्या तोडून विकायला येतात, पूजा झाली की दुसऱ्या दिवशी त्या कचऱ्यात जातात. वाढत्या वडाची फांदी तोडणे अधिक अशुभ, की कुंडीतल्या जिवंत वडाला दोरा गुंडाळणे? तुळशीला तर आपण पिढ्यान्‌पिढ्या वृंदावनातच वाढवत आलो आहोत आणि तिच्या मंजिऱ्या खुडत आलो आहोत. तिसरा आक्षेप, ही परकी कला. त्याला उत्तर आपली चिंचच देते. चिंच मूळची आफ्रिकेतली. आज चिंचेवाचून आपली आमटी होत नाही, गावाचा पार होत नाही, गावाचे नावसुद्धा होत नाही. काय परके आणि काय आपले हे मुळे किती खोल गेली यावर ठरते. पुण्यात सिंहगड रस्त्यावर ओकायामाच्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर उभी राहिलेली बाग आज पुणेकर पु. ल. देशपांडे उद्यान म्हणून आपली मानतातच.

राहिला खर्चाचा प्रश्न. पुणे-सोलापूर रस्त्यावर उरुळी कांचन, सोरतापवाडीच्या बाजूला रोपवाटिकांची रांग आहे. बोन्साय म्हणून बाजारात जे सर्रास मिळते, ते बहुधा फुगीर मुळांचे, वर कलम केलेले फायकस. ते विकत घेऊन कुणी कलेबद्दल मत बनवू नये; त्यात नेबारी नाही, निमुळतेपणा नाही, फांद्यांचा क्रम नाही. त्याच पैशांत चिंचेची चार साधी रोपे आणावीत, ती दोन-तीन वर्षे जमिनीत मोकळी वाढू द्यावीत, मग छाटायला लागावे. माती म्हणून चाळलेला मुरूम, विटांचे बारीक तुकडे आणि कुजलेले शेणखत चालते. पाणी साचू नये एवढेच बघायचे. उन्हाळ्यात रोज पाणी लागते हे खरे, पण उथळ कुंडीला ते तांब्या-दोन तांब्यांनी भागते. माळावरची जुनी बोर किंवा हिवर उपटून आणण्याचा मोह मात्र टाळावा. जुने खोड खणताना बहुतेक वेळा मरते, आणि वनखात्याच्या किंवा गायरानाच्या जमिनीवरून काही काढण्याचा आपल्याला अधिकारही नाही. खणायचेच असेल तर वेडी बाभूळ आहे. बाहेरून आलेले हे झाड नदीकाठ आणि पडीक जमिनी व्यापत चालले आहे, कोळशासाठी ते तोडतात, आणि तोडलेल्या बुडख्यातून पुन्हा फुटते. शेताच्या मालकाला ते नकोच असते. त्याचे जाड, पिळलेले बुडखे बोन्साय करणाऱ्याला मिळालेले आयते देणे आहे, आणि उकरले तर रानाचा तोटा होत नाही.

माझी एक सूचना आहे. पुण्यात एम्प्रेस गार्डनला दर जानेवारीत पुष्पप्रदर्शन भरते, तिथे बोन्सायही मांडले जातात. अशा प्रदर्शनांत कोरड्या रानातल्या झाडांसाठी वेगळा वर्ग असावा: हिवर, बोर, बाभूळ, चिंच. परीक्षकांनी स्पर्धकाला जपानी शैलीचे नाव विचारण्याआधी हे विचारावे, की हा बांधा तुम्ही कोणत्या माळावर, कोणत्या बांधावर पाहिला? चारणीतून सुटलेल्या बोरीच्या आकाराला आज बोन्सायच्या पुस्तकांत नाव नाही. ते द्यायचे तर ज्यांनी ती बोर पाहिली आहे त्यांनीच द्यायला हवे, आणि तशी माणसे जपानातल्या ओमिया या बोन्सायच्या गावापेक्षा पाटस, यवत, न्हावरे आणि पाबळला जास्त सापडतील.