जुन्या घड्याळाचे मोल



गेल्या दिवाळीच्या साफसफाईत, अंबरनाथच्या आमच्या घरी माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत आजोबांचे मनगटी घड्याळ सापडले. आजोबा रेल्वेत गार्ड होते. घड्याळ वेस्ट एंड वॉच कंपनीचे, 'सोवार प्रायमा' या नावाचे. सोवार म्हणजे आपला घोडेस्वारच. ही कंपनी 1886 सालची, घड्याळे बनायची स्वित्झर्लंडात आणि खपायची प्रामुख्याने आपल्याकडे. आमच्या घड्याळाची रुपेरी तबकडी डागाळून तपकिरी झाली होती, काट्यांतला रात्री चमकणारा रंगही गळून पडला होता. उल्हासनगरला कॉलेजच्या वाटेवर एक घड्याळजी बसतो. त्याच्याकडे ते दिले आणि म्हटले, "अगदी नवे करून द्या." त्याने माझा शब्द तंतोतंत पाळला. आठ दिवसांनी तबकडी पांढरीशुभ्र, आकडे काळेभोर, पाठ आरशासारखी. घरात सर्वांना आवडले. मलाही आवडले, खोटं कशाला बोलू?

पुढे मुंबईतल्या एका जाणकारांना मी ते मोठ्या कौतुकाने दाखवले. त्यांनी डोळ्याला भिंग लावले, झाकण उघडले आणि एवढेच विचारले, "सर, तबकडी कधी रंगवली?" तेवढ्यावरून मी समजलो. पाठीवर कोरलेला क्रमांक पॉलिशच्या घासणीत निम्मा पुसला गेला होता, तेही त्यांनीच दाखवले. ते म्हणाले, "डागांसकट आणले असतेत तर हे घड्याळ होते. आता घड्याळाचे सुटे भाग आहेत."

तुम्ही म्हणाल, डाग पडलेल्या वस्तूला जास्त किंमत, हा कुठला न्याय? बाजारात जुन्या वस्तूला भाव उतरता असतो. पण लिलाव हा बाजार निराळा. (लिलाव हा शब्दसुद्धा आपल्याकडे पोर्तुगीजांबरोबर आला, बरं का.) तिथे घड्याळ वेळ बरोबर दाखवते की नाही हा प्रश्न दुय्यम ठरतो. कारखान्यातून निघाले तेव्हा जे भाग त्यात होते, तेच आज आहेत का, अशी घड्याळे किती उरली, आणि हे कोणाकोणाच्या हातून आले, हे आधी पाहतात.

दुर्मिळतेचे उदाहरण घ्या. पाटेक फिलिप कंपनीने हेन्री ग्रेव्ह्ज नावाच्या अमेरिकन धनिकासाठी एक खिशातले घड्याळ घडवले आणि 1933 साली त्याच्या हवाली केले. वेळ दाखवण्यापलीकडची अनेक कामे ते करी, न्यूयॉर्कवरचे तारांगणसुद्धा त्यात होते. तसे दुसरे झालेच नाही. 1999 साली ते सुमारे 1 कोटी 10 लाख डॉलरना गेले, आणि 2014 साली जिनिव्हात सुमारे 2 कोटी 40 लाखांना. अर्थात अशा आकड्यांत गिऱ्हाइकाने लिलावसंस्थेला द्यायचे कमिशनही धरलेले असते. हातोडा पडतो तो त्याहून कमी रकमेवर. वर्तमानपत्रे हे सहसा सांगत नाहीत.

पण सगळी कमाल दुर्मिळतेचीच असते असे नाही. 2009 सालच्या मार्चमध्ये न्यूयॉर्कला महात्मा गांधींच्या काही वस्तू लिलावात निघाल्या: चष्मा, चपला, ताट, वाडगा आणि झेनिथ कंपनीचे खिशातले घड्याळ. त्या वेळी देशात केवढा गहजब झाला ते अनेकांना आठवत असेल. अंदाज वीस-तीस हजार डॉलरांचा होता, आणि विजय मल्ल्यांनी ते सारे 18 लाख डॉलरना घेतले. झेनिथची तशी घड्याळे पुष्कळ होती. हे ज्याच्या कमरेला होते तो माणूस एकच होता. हॉलिवूडचा नट पॉल न्यूमन याचे पोलादी रोलेक्सही असेच. पाठीवर त्याच्या बायकोने 'गाडी जपून चालव' अशा अर्थाचा मजकूर कोरून घेतला होता. 2017 साली त्याला 1 कोटी 77 लाख डॉलर आले. पॉलिशच्या हौसेने कोणी ती अक्षरे घासून टाकली असती तर?

इथे आपल्या मुंबईविषयी एक लाजिरवाणी गोष्ट सांगायला हवी. जुनी घड्याळे जमवणाऱ्या परदेशी लोकांत 'मुंबई स्पेशल' असा एक शब्द रूढ आहे. तो कौतुकाचा नाही. रंगवलेली तबकडी, एकाचे यंत्र, दुसऱ्याचे काटे आणि वर तिसऱ्याचे नाव, अशा घड्याळाला ते लोक हे नाव देतात. आमच्या उल्हासनगरावर तर 'मेड इन यूएसए'चा विनोद फार जुना आहे. यूएसए म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन! मी तो विनोद मुलांना कधी सांगत नाही. फाळणीनंतर लष्करी छावणीच्या बराकीत आलेल्या माणसांनी हाताला मिळेल ते करून संसार उभे केले, आणि दुरुस्त करून वस्तू चालती ठेवणे हे त्यांच्या दृष्टीने शहाणपणच होते. माझ्या घड्याळजीचेही काय चुकले? चालते करा एवढेच मी सांगायला हवे होते. अंबरनाथचे शिवालय इसवी सन 1060 मधले. त्याचा काळवंडलेला दगड पाहून कोणी ऑइल पेंटचा डबा आणला तर मी धावत जाऊन त्याचा हात धरीन. घरात मात्र मी स्वतःच डबा उघडून बसलो.

नाही म्हणायला मनाची समजूत घालता येते. माझे घड्याळ मूळ रूपात असते तरी त्याचे लाखो रुपये आले नसते, कारण ती घड्याळे आजही पुष्कळ सापडतात. हेच भिंतीवरच्या लंबकाच्या घड्याळांचे. अमेरिकेच्या अन्सोनिया कंपनीची घड्याळे आपल्याकडे जुन्या घरांतून दिसतात. त्या कंपनीची यंत्रसामग्री 1929 साली रशियाला विकली गेली, म्हणजे घड्याळ त्याहून अलीकडचे नसणार हे खरे. पण जुने ते सगळेच दुर्मिळ नसते. आणि वस्तू शंभर वर्षांवरची असेल तर 1972 चा पुरावस्तूंचा कायदाही पाहावा लागतो. त्याच्या व्याख्येत बसणारी वस्तू कोणाही खाजगी माणसाला परदेशी विकायला पाठवता येत नाही.

अशी एक अन्सोनिया बदलापूरला आजोबांच्या घरात आहे. तिथे माझी आत्या राहते. रंगवलेल्या घड्याळाची हकिगत मी तिला सांगितली, तेव्हा ती हसली नाही. म्हणाली, "अरे, ते डाग पावसाचे. अण्णा डब्याच्या दारात उभे राहून झेंडी दाखवायचे, हात बाहेर असायचा." मग घड्याळ केव्हा घेतले, किती हप्त्यांत फेडले, तेही सांगू लागली. जाणकारांनी मला हाच प्रश्न विचारला होता: घड्याळाबरोबर काही कागद, काही माहिती आहे का? मी नाही म्हणालो होतो.

आता मी एक वही केली आहे. आत्या सांगते तसे त्यात लिहून घेतो, तारीख घालतो आणि खाली तिची सही घेतो. भिंतीवरच्या घड्याळाला मी हात लावलेला नाही, काचेवरची धूळसुद्धा पुसलेली नाही. ते घरात कसे आले, हे विचारायचे राहिले आहे. आत्या पंच्याऐंशीची आहे. येत्या रविवारी सकाळच्या गाडीने बदलापूरला जायचे ठरवले आहे.