कायमचा रहिवास आणि दिवसांचा हिशेब



‘कायम’ हा शब्द मराठी माणसाला मोठा भरवशाचा वाटतो. नोकरी कायम झाली म्हणजे घरात पेढे वाटले जातात. कायमचा पत्ता लिहिताना हात अडखळत नाही. त्यामुळे मुलाला किंवा मुलीला परदेशात ‘कायमचा रहिवास’ मिळाला असे पत्र किंवा फोन आला, की बेळगावच्या वा निपाणीच्या घरात काळजी मिटल्याचा भाव उमटतो. परंतु परदेशच्या कायद्यात या शब्दाचा अर्थ इतका सैल नाही. तेथे कायमचा रहिवास म्हणजे कायम राहण्याची मुभा. आणि जो राहत नाही, त्याची ती मुभा हळूहळू क्षीण होत जाते. ही गोष्ट अनेकांना विमानतळावरील अधिकाऱ्याच्या प्रश्नातूनच प्रथम समजते, आणि तोवर फार उशीर झालेला असतो.

सीमाभागातील माणसाला रहिवासाचा प्रश्न नवा नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली, तेव्हा येथील माणूस आपल्या उंबरठ्यावरच उभा होता. बदलले ते राज्य. मात्र राज्य बदलले तरी नागरिकत्व बदलले नाही. भारतात नागरिकत्व एकच आहे, आणि अधिवासही संपूर्ण भारताचा एकच, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८४ साली प्रदीप जैन खटल्याच्या निकालात स्पष्ट केले. निपाणीचा मनुष्य वीस वर्षे पुण्यात राहिला म्हणून त्याचे नागरिकत्व तिळमात्र उणे होत नाही. हीच सवय मनात धरून तो परदेशाच्या परवान्याकडे पाहतो, आणि तेथेच फसगत होते.

या विषयात दोन हिशेब अगदी वेगळे ठेवावे लागतात. पहिला हिशेब रहिवासाचा परवाना टिकवण्याचा. दुसरा हिशेब नागरिकत्वासाठी पात्र होण्याचा. पहिला सुटला म्हणून दुसरा सुटतोच असे नाही.

अमेरिकेचे उदाहरण घेऊ. समजा, निपाणीचे एक सेवानिवृत्त मुख्याध्यापक आणि त्यांच्या पत्नी यांना अमेरिकन नागरिक असलेल्या मुलीने ग्रीन कार्ड मिळवून दिले. दोघे तिकडे गेले, नातवंडांत रमले. पहिलाच हिवाळा सोसवेना. गावी पुतण्याचे लग्न निघाले, मग गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली, मग पावसाळ्यात घराचे छप्पर काढावे लागले. पाहता पाहता चौदा महिने गेले. कार्डावरची मुदत तर दहा वर्षांची आहे, मग चिंता कसली, असे त्यांना वाटते. परंतु एक वर्ष किंवा त्याहून अधिक काळ बाहेर राहिल्यावर केवळ त्या कार्डाच्या आधारे पुन्हा प्रवेश मागता येत नाही. दीर्घकाळ बाहेर राहावे लागणार हे आधी ठाऊक असेल, तर निघण्यापूर्वी, अमेरिकेत असतानाच, रीएन्ट्री परमिट म्हणजे पुनःप्रवेशाच्या परवान्यासाठी अर्ज करावा लागतो. त्याची मुदत सामान्यतः दोन वर्षांपर्यंत असते. तो घेतला नसेल आणि आपल्या हाती नसलेल्या कारणाने परतणे लांबले असेल, तर येथील अमेरिकन वकिलातीकडे परतणाऱ्या रहिवाशाचा व्हिसा मागण्याची वाट उरते. परंतु त्या वाटेवर पुराव्यांचा भार मोठा आहे.

याहून घातक समजूत अशी, की दर सहा महिन्यांनी एकदा तिकडच्या भूमीला पाय लावून आले म्हणजे भागते. तसे नाही. तेथील अधिकारी केवळ महिने पाहत नाहीत, हेतू पाहतात. घर कोठे आहे, करविवरण कोठे व कोणत्या नात्याने भरले जाते, सामान कोठे आहे, परतण्याची तारीख ठरली होती काय, हे विचारले जाते. बेळगावात मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र आहे. शिपायाच्या घरातील लहान मूलही जाणते की रजेवर जाणे वेगळे आणि गैरहजर राहणे वेगळे. रजेला कारण असते, मुदत असते, परतण्याचे ठिकाण असते. परदेशचा कायदा नेमका हाच भेद करतो. आपण घरी रजेवर आलो होतो हे ज्याला दाखवता येते, त्याचे म्हणणे ऐकले जाते. आणखी एक गोष्ट ध्यानी ठेवावी. विमानतळावर कार्ड परत करण्याच्या कागदावर सही करणे ऐच्छिक आहे. सही नाकारणाऱ्यास इमिग्रेशन न्यायाधीशापुढे आपली बाजू मांडता येते. थकलेल्या वृद्धांनी घाबरून सही करू नये, म्हणून हे आधीच सांगून ठेवलेले बरे.

आता दुसरा हिशेब. अमेरिकन नागरिकत्वासाठी सर्वसाधारणपणे पाच वर्षांचा अखंड रहिवास, आणि त्यांपैकी किमान तीस महिने प्रत्यक्ष उपस्थिती लागते. नागरिकाच्या पती वा पत्नीस, ठरावीक अटींवर, ही पाच वर्षे तीन होतात. सहा महिन्यांहून अधिक पण वर्षाहून कमी काळ सलग बाहेर राहिल्यास रहिवास खंडित झाला असे गृहीत धरले जाते. ते पुराव्याने खोडता येते. पूर्ण वर्ष बाहेर गेल्यास रहिवास खंडितच होतो. रीएन्ट्री परमिट हाती असले तरी ही तूट भरून निघत नाही. ते परमिट परवाना वाचवते, नागरिकत्वाची वर्षे वाचवत नाही. दोन हिशेब वेगळे का ठेवावयाचे, ते येथे दिसते.

कॅनडाची रीत अधिक गणिती आहे. तेथे कायम रहिवाशाने कोणत्याही पाच वर्षांत किमान ७३० दिवस देशात असावे लागते. नागरिकत्वासाठी मात्र अर्जापूर्वीच्या पाच वर्षांत १,०९५ दिवस भरावे लागतात. कायम रहिवास मिळण्यापूर्वी विद्यार्थी वा कामगार म्हणून कायदेशीरपणे काढलेला प्रत्येक दिवस नागरिकत्वासाठी अर्धा धरला जातो, पण त्याची मर्यादा ३६५ दिवसांची. निघण्याचा आणि परतण्याचा दिवस हे दोन्ही हजेरीत धरले जातात. कॅनेडियन नागरिक असलेल्या पती वा पत्नीसोबत परदेशी काढलेले दिवस परवान्यासाठी मोजले जाऊ शकतात. नागरिकत्वासाठी ही सवलत सामान्यतः नाही. कार्डाची मुदत संपली म्हणजे दर्जा संपला, असे मात्र समजू नये. तो दर्जा अधिकृत निर्णयाने किंवा स्वतः सोडल्यानेच जातो. आणि दिवस कमी पडले तरी आईबापांचे आजारपण, मुलांचे हित अशी मानवी कारणे मांडता येतात.

ब्रिटनमध्ये अनिश्चित काळ राहण्याची परवानगी सलग दोन वर्षे बाहेर राहिल्यास लोप पावते. नागरिकत्वासाठी नेहमीच्या मार्गाने पाच वर्षांत ४५० दिवसांहून अधिक आणि शेवटच्या वर्षात ९० दिवसांहून अधिक अनुपस्थिती नसावी, असा दंडक आहे. गोव्याशी नाते असलेली आणि पोर्तुगीज पारपत्रावर ब्रिटनला पोचलेली जी कुटुंबे तेथील युरोपीय योजनेखाली स्थायिक झाली, त्यांना अनुपस्थितीची सूट अधिक, म्हणजे सलग पाच वर्षांपर्यंत आहे. परंतु हा स्थायिकाचा दर्जा पूर्ण मिळाल्यानंतरच. आखाती देशांची गोष्ट वेगळी. संयुक्त अरब अमिरातीत सामान्य परवाना असलेला मनुष्य सहा महिन्यांहून अधिक काळ बाहेर राहिला, तर तो परवाना साधारणतः रद्द होतो. तेथे कितीही वर्षे घाम गाळला, तरी सामान्य नोकरदाराला त्या वर्षांच्या बळावर नागरिकत्व मिळत नाही. तेव्हा गावी बांधलेले घर हाच त्याचा खरा कायमचा पत्ता होय.

आपल्याकडे पहिले बाळंतपण माहेरी करण्याची चाल आहे, आणि ती प्रेमळ चाल आहे. परंतु आईबाप दोघेही कॅनडाचे केवळ कायम रहिवासी, अद्याप भारतीय नागरिक, आणि बाळ बेळगावी जन्मले, तर ते बाळ भारतीय नागरिक होते. कॅनडाचा रहिवास त्यास जन्माने लाभत नाही. त्याच्यासाठी स्वतंत्र अर्ज करून थांबावे लागते. अमेरिकेचा नियम येथे सौम्य आहे: ग्रीन कार्डधारक आई तात्पुरती बाहेर आली असता झालेले मूल, दोन वर्षांच्या आत आणि आईच्या वा बापाच्या जन्मानंतरच्या पहिल्याच परतीत सोबत नेल्यास, व्हिसाविना घेतले जाऊ शकते. पहिली परत एकट्याने केली आणि मूल आजीजवळ ठेवले, तर ही सवलत हातची जाते. माहेरी येण्याआधी हा विचार करणे म्हणजे माया कमी होणे नव्हे.

भारताचा कायदा याविषयी काय म्हणतो? १९५५ च्या नागरिकत्व अधिनियमानुसार, जन्माने भारतीय असलेल्याचे नागरिकत्व केवळ परदेशी दीर्घकाळ राहिल्याने जात नाही. चाळीस वर्षे ग्रीन कार्डावर राहिलेला निपाणीकर भारतीयच असतो. मात्र स्वेच्छेने परक्या देशाचे नागरिकत्व घेताच कलम ९ प्रमाणे भारतीय नागरिकत्व संपते. देशीयकरणाने, तसेच काही प्रकारच्या नोंदणीने भारतीय झालेल्यांना मात्र आपल्याकडेही अनुपस्थितीची अट आहे. कलम १० अन्वये सलग सात वर्षे भारताबाहेर राहिल्यास, आणि त्या काळात विद्यार्थी वा सरकारी सेवेत नसल्यास, अथवा दरसाल वकिलातीत आपला हेतू नोंदवला नसल्यास, त्यांचे नागरिकत्व काढून घेता येते. म्हणजे दिवस मोजण्याची रीत केवळ परक्यांचीच आहे असे नाही.

परदेशी नागरिकत्व घेतलेला भूमिपुत्र ओसीआय नोंदणी करून आयुष्यभर भारतात येऊ-जाऊ शकतो. परंतु त्याला मतदान नाही, आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. वारशाने मात्र मिळू शकते. निपाणीच्या तंबाखूच्या शेतावर ज्यांचे मन गुंतले आहे, त्यांनी परक्या देशाची शपथ घेण्यापूर्वी ही बाब घरात बोलून घ्यावी. पुन्हा भारतीय व्हायचे झाल्यास ओसीआय नोंदणीस पाच वर्षे झालेली असावी लागतात, आणि अर्जापूर्वी बारा महिने भारतात रहिवास लागतो. विशेष कारणास्तव त्यात तीस दिवसांपर्यंतची सूट सरकार देऊ शकते. परतीच्या वाटेवरही हजेरी आहेच.

मार्च २०२० मध्ये महामारीमुळे भारतातील नियमित आंतरराष्ट्रीय विमानसेवा बंद झाली, ती २७ मार्च २०२२ रोजी पूर्ववत सुरू झाली. त्या काळात थोड्या दिवसांसाठी आलेली कितीतरी माणसे अडकून पडली. रद्द झालेली तिकिटे, डॉक्टरांचे कागद, नोकरीच्या ठिकाणचा पत्रव्यवहार ज्यांनी जपून ठेवला, त्यांना आपली बाजू मांडण्यास आधार होता. बाकीच्यांपाशी केवळ खरे बोलणे होते, आणि कचेरीत नुसते खरे बोलणे पुरत नाही.

यावरून करण्यासारखी गोष्ट साधी आहे. प्रत्येक कुटुंबाने एक वही ठेवावी. तीत निघाल्याची व परतल्याची तारीख आणि जाण्याचे कारण लिहावे. जुनी पारपत्रे टाकून देऊ नयेत. नोव्हेंबर २०१४ पासून शहराचे अधिकृत नाव बेळगावी झाले असल्याने, जुन्या कागदांवर ‘बेळगाव’ आणि नव्यांवर ‘बेळगावी’ असते. दोन्ही एकच, हे अर्जासोबत लिहून द्यावे. नियम बदलत राहतात, म्हणून निघण्यापूर्वी त्या त्या देशाच्या सरकारी खात्याकडून चालू नियम तपासून घ्यावा आणि अडचणीच्या प्रकरणी जाणत्या वकिलाचा सल्ला घ्यावा. दलालाच्या तोंडी आश्वासनावर विसंबू नये.

आई अंथरुणाला खिळली असता मुलगा दिवस मोजीत बसणार नाही, आणि त्याने बसूही नये. कित्येकांनी आईबापांची सेवा करण्यासाठी परदेशाचा परवाना जाणूनबुजून सोडला आहे, आणि त्यात त्यांना तोटा वाटलेला नाही. परंतु जाणूनबुजून सोडणे एक, आणि नकळत गमावणे दुसरे. हिशेब आधी ठाऊक असेल, तर निदान निवड आपली राहते.