शंकासुराचे बी

लिनीअसने १७५३ साली ज्याच्या नावातच ‘अतिसुंदर’ म्हटले, तो लाल-पिवळा शंकासुर गिरगाव-लालबागच्या चाळींतही बियांपासून वाढेल. तक्रार ऐकू येते : ‘पेरले, पण उगवले नाही.’ कारण टणक कवचातून पाणी आत शिरत नाही. पण हाच त्या बियांचा शहाणपणा! वळवाच्या एका सरीला सगळ्याच बिया भुलल्या, तर पुढच्या उन्हात सारी रोपे करपतील.

कुंडीला मात्र आपण रोज पाणी घालतो. म्हणून डोळ्याची बाजू सोडून बी खरखरीत फरशीवर किंचित घासावे, रात्रभर भिजवावे आणि फुगले की अर्धे पेर खोल पेरावे. कुंडी भरपूर उन्हात ठेवावी. न फुगलेले बी मेलेले समजून फेकू नये, पुन्हा घासावे. ते अजून वाट पाहत असेल.