हेडफोनला व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर जोडावा काय?



आजचा विषय हौसेचा खरा, पण त्याचा संबंध पैशाशी आहे, कानाशी आहे आणि एका परीने जिवाशीही आहे. गाणे निवांत ऐकावे म्हणून पुष्कळांच्या घरी आता चांगले हेडफोन आले आहेत. हेडफोन आला की मनात पुढचा विचार येतो, याला व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर जोडला तर? त्या काचेच्या नळ्या, त्यांतला तांबूस उजेड, आणि ‘आवाज काय गोड लागतो हो!’ अशी ऐकणारांची ग्वाही. परंतु खिशात हात घालण्यापूर्वी हे यंत्र करते तरी काय, ते पाहू या.

मुंबईचे नभोवाणी केंद्र २३ जुलै १९२७ रोजी सुरू झाले. त्या काळच्या साध्या क्रिस्टल सेटात आवाज वाढवणारे काहीच नसे. एकाने हेडफोन कानाला लावून ऐकायचे आणि बाकीच्यांनी त्याच्या तोंडाकडे पाहायचे! व्हॉल्व्हचा रेडिओ आला आणि सारी चावडी एकदम ऐकू लागली. म्हणजे ज्या व्हॉल्व्हने हेडफोन कानावरून उतरवला, तोच आज हेडफोनच्या मदतीला आला आहे.

व्हॉल्व्ह म्हणजे आतली हवा काढून टाकलेली काचेची नळी. १९०४ साली इंग्लंडात फ्लेमिंग यांनी पहिला व्हॉल्व्ह केला, आणि १९०६ साली अमेरिकेत ली डी फॉरेस्ट यांनी त्यात एक जाळी बसवली. आतली पट्टी तापली की तिच्यातून इलेक्ट्रॉन निघतात आणि समोरच्या पत्र्याकडे धावतात. जाळी असते मध्ये. आता आपल्या पाटाकडे पाहा. दारे धरणारा गडी फावड्याने चार ढेकळे इकडची तिकडे करतो, आणि सारे पाणी या वाफ्यातून त्या वाफ्यात वळते. गड्याचे बळ थोडे, पाण्याचे मोठे. जाळीचे काम तेच. गाण्याची क्षीण वीज जाळीवर येते आणि पत्र्याकडे जाणारा मोठा प्रवाह तिच्या तालावर कमीजास्त होतो.

मग असे वर्धन आपल्याला हवे आहे काय? हेडफोनवर किंवा त्याच्या खोक्यावर ओहमचा आकडा छापलेला असतो, तो पाहा. मोबाइलमधून सुमारे एक व्होल्ट मिळतो असे धरा. तेवढ्यावर ३२ ओहमच्या हेडफोनला सुमारे ३१ मिलिवॅट शक्ती मिळते, आणि ३०० ओहमच्याला जेमतेम ३. म्हणून ३२ ओहमच्या साध्या हेडफोनला बहुधा काही जोडावे लागत नाही. ३०० किंवा ६०० ओहमचा असेल, आणि आवाज पूर्ण वाढवूनही गाणे दबलेले वाटत असेल, तर ॲम्प्लिफायरचा उपयोग आहे. पण ते काम ट्रान्झिस्टरचा ॲम्प्लिफायरही करतो, आणि कमी पैशांत करतो.

मग गोडवा कसला? शिक्षक बंधुभगिनींनी वर्गात एक प्रयोग करून दाखवावा. तुणतुण्याची तार छेडा, आणि मग तिच्या बरोबर मध्यावर बोट हलकेच टेकवून पुन्हा छेडा. वरच्या सप्तकातला तोच सूर ऐकू येईल. एकतृतीयांशावर बोट टेकवले तर त्याच्याही वरचा पंचम. हे सूर मूळ सुराच्या पोटातच असतात. पुष्कळ व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायर मूळ सुरात, फार करून, त्या पहिल्या वरच्या सुराची किंचित भर घालतात. सा गाइला तर तार षड्जाची बारीक छटा. ती मुळाशी जुळणारी असते, म्हणून कानाला बोचत नाही. उलट आवाज भरलेला वाटतो. परंतु ती भर गायकाने घातलेली नाही, यंत्राने घातलेली आहे. चांगला ट्रान्झिस्टर ॲम्प्लिफायर अशी भर फारच कमी घालतो. तेव्हा व्हॉल्व्हमुळे गाणे अधिक खरे होते, हे म्हणणे बरोबर नाही. काहींना ते अधिक आवडते, एवढे खरे, आणि आवडीला मोल आहेच.

घ्यायचाच ठरला तर जोड पाहून घ्या. काही ॲम्प्लिफायरांत व्हॉल्व्ह आणि हेडफोन यांच्यामध्ये ट्रान्सफॉर्मर नसतो. त्यांचा स्वतःचा रोध बराच असतो. ते ३०० ते ६०० ओहमच्या हेडफोनला शोभतात. कमी ओहमच्या पुष्कळ हेडफोनांवर मात्र खर्जाचा आवाज सैल पडतो. ढोबळ नियम असा, की ॲम्प्लिफायरचा रोध हेडफोनच्या एक-अष्टमांशाहून जास्त नसावा. ३२ ओहमला ४, ३०० ला ३७. आणि तांबूस उजेडाला भुलू नका. काही स्वस्त यंत्रांत नळीखाली छोटा दिवा लावून ती शोभा आणलेली असते.

आता जिवाची गोष्ट. खऱ्या व्हॉल्व्हच्या यंत्रात शंभरापासून अडीचशे-तीनशे व्होल्टपर्यंत दाब असू शकतो. वायर काढली तरी आतल्या कपॅसिटरमध्ये वीज साठून राहते, आणि ती माणसाला ठार करू शकते. म्हणून झाकण उघडून आत हात घालू नये, मुलांना तर मुळीच घालू देऊ नये. तीन टोकांचा प्लग आणि नीट अर्थिंग असल्याशिवाय यंत्र लावू नये. नळी चांगलीच तापते, तिच्यावर कापड टाकू नये. पूर्वी बंगळूरला भारत इलेक्ट्रॉनिक्सच्या कारखान्यात व्हॉल्व्ह तयार होत. आता नवे व्हॉल्व्ह मुख्यतः रशिया, स्लोव्हाकिया व चीन येथून येतात. नळी कधीतरी झिजतेच, तेव्हा बदली नळी कोठे मिळेल, हे घेण्यापूर्वीच विचारावे.

कानाचेही ऐका. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढ माणसाने ८० डेसिबलचा आवाज आठवड्यात ४० तासांपर्यंत ऐकावा. तीन डेसिबल वाढले की वेळ निम्मी, म्हणजे ८३ ला २० तास. ॲम्प्लिफायर आला की हात नकळत कळ फिरवत जातो. यंत्राची नळी बदलता येते, गेलेली श्रवणशक्ती परत आणता येत नाही.

तेव्हा क्रम असा ठेवावा. आधी चांगले ध्वनिमुद्रण, मग कानाला सुखावणारा हेडफोन, आणि शेवटी ॲम्प्लिफायर. जमल्यास एखाद्या परिचिताचे यंत्र उसने आणा. दोन्हींचा आवाज सारखा करा, कारण मोठा आवाज नेहमीच अधिक चांगला भासतो. डोळे मिटून बसा आणि कोणते यंत्र चालू आहे हे न सांगता दुसऱ्याला ते बदलू द्या. फरक कळला आणि आवडला, तर खुशाल घ्या. कळला नाही, तर तेवढ्या पैशांत एखाद्या मैफलीला जाऊन या. तेथे मध्ये ना तार, ना जाळी.