तारेबाहेर आल्यावर

गुन्हेगार जमाती कायदा मुंबई प्रांतातून 1949 साली गेला आणि 31 ऑगस्ट 1952 रोजी देशभरातून रद्द झाला. सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये तारेच्या कुंपणाआड हजेरी देत जगणारी कैकाडी, पारधी आणि इतर जमातींची माणसे कायद्याने मोकळी झाली. त्या कायद्यात जन्म हाच गुन्हा होता. एखादी जमात गुन्हेगार ठरली, की त्या निर्णयाविरुद्ध न्यायालयात दादही मागता येत नसे. असा कायदा गेला ही मोठीच गोष्ट. पण मोकळे झालेल्यांना हक्क बजावण्याचे साधन मिळाले नाही, आणि ते साधन म्हणजे कागद.

सोलापूर जिल्ह्यातल्या माळशिरस तालुक्यात, नातेपुत्याच्या माळावर पाल ठोकून राहणाऱ्या कैकाडी कुटुंबाला मुलासाठी जातीचा दाखला हवा असेल, तर 21 नोव्हेंबर 1961 पूर्वी घराणे महाराष्ट्रात राहत होते याचा पुरावा लागतो. ज्या सरकारने आजोबांची नावे आणि बोटांचे ठसे नोंदवले, रोजची हजेरी घेतली, तेच सरकार नातवाला विचारते, आजोबा कुठे होते? माउलींची पालखी नातेपुत्यात मुक्कामाला येते तेव्हा गावाभोवती तंबूच तंबू पडतात आणि कुणी कुणाकडे पुरावा मागत नाही. पालखी पुढे गेल्यावर त्याच माळावरचे एकटे पाल मात्र संशयाचे ठरते.

कोणी म्हणेल, त्या कायद्यातून सुटलेल्या कैकाडींसारख्या जातींना, म्हणजे विमुक्त जातींना, 3 टक्के आरक्षण आहे, आणखी काय हवे? पण राखीव जागेचा दरवाजा दाखल्यानेच उघडतो. शिवाय कैकाडी विदर्भातल्या बहुतेक जिल्ह्यांत अनुसूचित जातीत मोडतो, सोलापूर जिल्ह्यात नाही. म्हणून 1989 च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याचे संरक्षण नागपुरात त्याला आहे, नातेपुत्यात नाही. दुसरा आक्षेप असा, की जुन्या कायद्याच्या जागी आलेला सराईत गुन्हेगारांचा कायदा माणसाची शिक्षा पाहतो, जात नव्हे. कागदावर ते खरे आहे. तरीही ऑक्टोबर 2024 मध्ये तुरुंगांतील जातिभेदाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाला पोलिसांना बजावावे लागले, की विमुक्त जमातींच्या लोकांना मनमानी अटक होऊ देऊ नका. गुन्हेगार जमाती कायदा रद्द होऊन तेव्हा 72 वर्षे झाली होती.

माझी मागणी साधी आहे. वास्तव्याचा पुरावा शोधण्याची जबाबदारी अर्जदारावर नको, माळशिरसच्या तहसील कार्यालयावर असावी. सेटलमेंटच्या जुन्या नोंदी, शाळेचे दाखले, वस्तीवर जाऊन केलेली चौकशी, हे सारे सरकारलाच अधिक सहज मिळू शकते. आणि हे काम माणसांनी खेटे घालण्याआधी व्हावे.