पुस्तके मुलांच्या हाती द्यावीत
(शिक्षकांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



आपल्या अनेक शाळांत पुस्तकांचे कपाट असते आणि बहुधा त्यास कुलूप असते. पुस्तक हरवले तर साठा नोंदवहीत मेळ कसा घालावयाचा, ही आपली चिंता खरी आहे. तिची थट्टा करण्याचे कारण नाही. परंतु पुस्तक हरवण्याहून मोठी हानी म्हणजे मुलाचे वाचावयाचे वय हरवणे, ही होय. तिसरीपर्यंत जे मूल अर्थ समजून वाचू लागत नाही, त्याला पुढे गणितातील शाब्दिक उदाहरण काय किंवा परिसर अभ्यास काय, सारेच दुर्गम होते. 2021 साली केंद्र शासनाने सुरू केलेल्या निपुण भारत अभियानाचा रोख याच पायाकडे आहे.

डॉ. अब्दुल कलाम यांचा जन्मदिवस, 15 ऑक्टोबर, आपण 2015 पासून वाचन प्रेरणा दिन म्हणून पाळतो. तो उत्साहाने साजरा व्हावाच. पण एका दिवसाच्या पंगतीने वर्षाची भूक भागत नाही. म्हणून परिपाठानंतर रोज वीस मिनिटे साऱ्या शाळेने वाचावे, अशी माझी सूचना आहे. पहिलीच्या मुलाने चित्रे पाहावीत. चौथीच्या मुलाने त्याला शेजारी घेऊन वाचून दाखवावे. त्या वेळी गुरुजींनी आणि बाईंनी माहितीचे तक्ते भरू नयेत, स्वतः वाचावे. ज्या मुलाने घरी कोणाला वाचताना पाहिले नाही, त्याला वाचणारा माणूस शाळेतच दिसावयास हवा.

पुस्तक मुलानेच निवडावे. वाचून झाल्यावर प्रश्न नकोत, गुण नकोत. ज्याला सांगावेसे वाटेल त्याने सांगावे. आठवड्यातून दोनदा आपण गोष्ट मोठ्याने वाचावी, उत्कंठेच्या जागी थांबावे आणि पुस्तक मुलांच्या हाताशी ठेवून द्यावे. पुढे काय झाले, हे पाहण्यासाठी मुले आपण होऊन पाने उलटतील. पुस्तके थोडी असल्यास केंद्रातील शाळांनी ती आपसांत फिरवावीत. बालभारतीचे ‘किशोर’ मासिक 1971 पासून निघते. त्याचे जुने अंकही मुलांना नवेच असतात.

शेवटी एक आग्रहाची गोष्ट. दिवाळीच्या सुमारास काही मुले आईवडिलांबरोबर ऊसतोडीला जातात आणि कित्येक महिने शाळेपासून दुरावतात. निघताना त्यांच्या हाती दोन पुस्तके द्यावीत. ती कोपीत भिजतील, फाटतील, कदाचित परतही येणार नाहीत. पण मूल परत येईल, तेव्हा त्याची अक्षरओळख पुसलेली नसेल. वाचून झिजलेले पुस्तक वाया गेले असे कोणी मानू नये. ते ज्या कामासाठी घेतले, त्याच कामी आले.